बाबकेची वेणी आणि कुरडईचा चीक

मराठवाड्यातल्या बिलोलीला रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर आधी धर्माबाद गाठायचे आणि तिथे सिकंदराबादहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस धरायची. रात्रभर मराठवाडा मागे टाकत गाडी मनमाडला पोचते, पुढे घाट उतरते आणि सकाळी मुंबईत शिरते. शेवटचे स्थानक यायच्या जरा आधी खिडकीतून एक पाटी सरकून जाते : मस्जिद.

बिलोलीच्या माणसाला हा शब्द घरचा. त्याच्या गावात औरंगजेबाच्या काळातली, नवाब सरफराजखानाच्या नावाची दगडी मशीद आहे. मुंबईतले हे स्थानकही असेच एखाद्या जुन्या मशिदीवरून ओळखले जात असणार, असे त्याने धरून चालावे यात नवल नाही. पण ज्या 'जुन्या मशिदी'वरून हे नाव पडले असे सांगतात, ती मशीद नव्हेच. ते ज्यूंचे, म्हणजे यहुदींचे, प्रार्थनास्थळ आहे, सिनेगॉग. त्याचे नाव 'शार हारहामीम', म्हणजे दयेचे दार. ते 1796 मध्ये बांधले सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी मुंबईतले हे पहिले सिनेगॉग उभारले. पुढे 1860 मध्ये ते आजच्या जागी आले. ज्या रस्त्याला दिवेकरांचे नाव मिळाले तो सॅम्युअल स्ट्रीट, आणि त्याच्या आसपासची वस्ती म्हणजे इस्रायल मोहल्ला.

आज तिथे घाऊक व्यापाऱ्यांची गर्दी आहे. हातगाड्या, हमाल, पोती, मसाल्यांचा नाकात जाणारा वास. मोहल्ल्यातली बहुतेक यहुदी घरे केव्हाच उठून गेली. तरी एक प्रश्न मनात येतोच. देऊळ आहे तिथे हार-पेढ्यांचे दुकान असते, दर्गा आहे तिथे मलिदा आणि रेवड्या असतात. मग या यहुदी मोहल्ल्याची बेकरी कुठे आहे? अलीकडे शहरांतल्या केकच्या दुकानांत, काचेआड, काळ्या-सोनेरी पिळांचा एक लांबट पाव दिसू लागला आहे. त्यावर 'चॉकलेट बाबका' अशी चिठ्ठी असते आणि विचारले की 'ज्यू लोकांचा पदार्थ' असे सांगतात. तो या मोहल्ल्यात कधी भाजला जात होता का?

नव्हता. आणि का नव्हता, याच्या उत्तरातच या पदार्थाची आणि या समाजाची खरी गोष्ट आहे.

आधी बाबका म्हणजे काय ते पाहू. मैदा, अंडी, साखर, तेल किंवा लोणी आणि यीस्ट यांची कणीक मळून फुगत ठेवायची. फुगली की तिची लांबरुंद पोळी लाटायची आणि तीवर कोको-चॉकलेटचा दाट लेप द्यायचा. मग अळूवडीसाठी पाने गुंडाळतो तशी घट्ट वळकटी करायची. इथपर्यंत मराठी हाताला सारे सवयीचे आहे. पुढची युक्ती मात्र वेगळी. ही वळकटी आडवी कापायची नाही, सुरीने टोकापासून टोकापर्यंत उभी चिरायची. दोन पट्ट्या होतात. त्यांची कापलेली, चॉकलेटचे पदर दाखवणारी बाजू वर ठेवून एकीवर दुसरी टाकत वेणी घालायची आणि ती लांबट डब्यात ठेवून पुन्हा फुगू द्यायची. भट्टीतून बाहेर आली, की गरम असतानाच वरून साखरेचा पाक फिरवायचा. त्याने ती चकाकते आणि ओलसर राहते. काप काढला की आत झाडाच्या खोडातली वलये दिसावीत तसे काळे-पिवळे पदर दिसतात.

नावाचा अर्थ आजी. पोलंड-युक्रेनकडच्या भाषांत आणि तिथल्या यहुदींच्या यिद्दिश बोलीत 'बाबका' म्हणजे आजीबाई. या आजीबाईचा जन्मही आजीच्याच हातचा. शुक्रवारी संध्याकाळी सूर्य मावळला की यहुदींचा साबाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत चालतो. तेवढ्या वेळात कामही करायचे नाही आणि विस्तवही पेटवायचा नाही. शुक्रवारच्या जेवणाला 'हल्ला' नावाचे वेणीच्या घाटाचे दोन पाव लागतात. दोन अशासाठी, की अरण्यातल्या भटकंतीत देवाने आकाशातून दिलेले अन्न शुक्रवारी दुप्पट मिळे, अशी त्यांच्या धर्मग्रंथातली कथा आहे. शुक्रवारी सकाळी या पावांची कणीक मळली जाई आणि त्यातला थोडा गोळा उरे. पूर्व युरोपातल्या गृहिणी तो लाटून त्यावर फळांचा मुरंबा किंवा दालचिनी-साखर पसरत, गुंडाळत आणि हल्ल्याबरोबरच भाजून घेत. पुरणपोळीच्या दिवशी उरलेल्या कणकेची मुलांसाठी एखादी गुळाची पोळी व्हावी, तसाच हा प्रकार. चॉकलेट त्यात नव्हतेच. ते आले अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, स्थलांतरित यहुदींच्या बेकऱ्यांतून.

या बेकऱ्या नुसती दुकाने नव्हती. पूर्व युरोपातल्या यहुदी गावांत बेकरीची भट्टी साऱ्या वस्तीची असे. शनिवारी चूल पेटवायची नाही, पण गरम जेवण तर हवे. म्हणून शुक्रवारी दुपारी घराघरांतून मांस, कडधान्ये आणि बटाटे घातलेली झाकणबंद मडकी बेकरीत येत. बेकरीवाला ती उतरत्या आचेच्या भट्टीत सरकवून दार लिंपून टाकी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेहून परतताना प्रत्येक जण आपापले मडके ओळखून घरी नेई. न्यूयॉर्कला गेलेल्या यहुदींनी ही शुक्रवारची लगबग बरोबर नेली. आजही तिथल्या जुन्या यहुदी वस्त्यांतल्या बेकऱ्यांत शुक्रवारी दुपारपर्यंत रांगा असतात आणि सूर्य कलायच्या आत दारे बंद होतात. तेल अवीवहून आलेले उरी शेफ्ट यांनी 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ब्रेड्स बेकरी' सुरू केली. तिथली लोण्याच्या पदरांची, चॉकलेटने ओथंबलेली बाबका इतकी गाजली, की आजीबाईचा हा पाव जगभरच्या काचांआड जाऊन बसला. आपल्या शहरांतल्या केकच्या दुकानांत आला तोही त्याच लाटेत.

वस्तीची भट्टी ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली, की रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन बायका-मुले बेकरीच्या दारात बसत. आपल्या सामानाची नानखटाई आपल्या डोळ्यांदेखत भाजून घ्यायची, पत्र्याच्या डब्यात भरायची, भाजणावळ द्यायची आणि गरम डबा ओढणीच्या टोकाने धरून घरी आणायचा. बिलोली 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे तिच्या जिभेवरची बेकरी हैदराबादी. शेवटच्या निजामाच्या नावाची उस्मानिया बिस्किटे, चहात बुडवायची खारी, खोबरे आणि टूटीफ्रूटी भरलेले दिलपसंद. ते दिलपसंद ज्याने खाल्ले आहे, त्याला गोड सारण पोटात घेतलेला पाव ही कल्पना नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

भारतात यहुदी बेकरी पाहायचीच असेल, तर मात्र पूर्वेकडे, कोलकात्याला जावे लागते. न्यू मार्केटच्या, म्हणजेच हॉग मार्केटच्या, गाळ्यांत 'नाहूम अँड सन्स' आहे. बगदादहून आलेल्या नाहूम इस्रायल मोर्डेकाय यांनी 1902 मध्ये हा धंदा सुरू केला आणि 1916 पासून दुकान बाजारातल्या आजच्या जागी आहे. जुनी लाकडी कपाटे, काचेच्या पेट्या, नाताळाच्या आठवड्यात प्लम केकसाठी लागणाऱ्या लांबच लांब रांगा. मालक यहुदी, भट्टीवरचे बहुतेक कारागीर मुसलमान, आणि रांगेतले गिऱ्हाईक हिंदू, ख्रिस्ती, सगळेच. एकेकाळी काही हजारांचा असलेला कोलकात्याचा यहुदी समाज आता बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. बेकरी चालू आहे.

पण तिच्यातही बाबकेचे मूळ नाही. नाहूम घराणे बगदादी. त्यांच्या घरची खासियत म्हणजे चीज भरलेला सांबुसाक, बदामाची मिठाई, बकलावा. बाबका थंड प्रदेशातली, गहू, यीस्ट आणि विटांच्या भट्ट्यांच्या मुलखातली. मुंबई-पुण्याचे ससून घराणेही बगदादीच. पुण्याचे लाल देऊळ, म्हणजे तिथले सिनेगॉग, डेव्हिड ससून यांच्या पैशातून 1867 मध्ये पुरे झाले. या व्यापाऱ्यांनी देवळे, ग्रंथालये आणि रुग्णालये दिली. मात्र महाराष्ट्रातले बहुसंख्य यहुदी त्यांच्यातले नव्हते. ते होते बेने इस्रायल, कोकणच्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे यहुदी.

त्यांच्या परंपरेप्रमाणे, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. ती कोकणात पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि ज्या गावात राहिली त्या गावाचे नाव लावू लागली : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. ज्या आज्ञेने माणसाला त्या दिवशी विश्रांती सांगितली, तिनेच गुराढोरांनाही सांगितली आहे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे इतर तेली ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली, असे गावाने त्यांचे नाव ठेवून टाकले. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म काय ते नीट माहीत नव्हते, पण वार पक्का माहीत होता.

त्यांची ओळख पटली तीही स्वयंपाकघरात, असे सांगतात. कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी या यहुदी विद्वानाने त्यांच्या बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले आणि सांगितले, आम्ही हे खात नाही. रहाबीला हवा तो पुरावा मिळाला. ग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती. चुलीपाशी नियम टिकून होता.

तोच नियम गोडाधोडातही काम करतो. यहुदी धर्मग्रंथाच्या आज्ञेनुसार मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही, एका जेवणात खायचेही नाही. सणाला मटण रांधले की त्यानंतरच्या गोडात दूध, तूप, लोणी चालत नाही. पूर्व युरोपातल्या आणि न्यूयॉर्कच्या धर्मनिष्ठ बेकऱ्यांनी यावर तोडगा काढला तो तेलाचा. म्हणून जुन्या वळणाच्या यहुदी बेकरीतली बाबका लोण्याऐवजी तेलात किंवा वनस्पती तुपात मळलेली असते. हजारो मैलांवर, कोकणातल्या नारळीच्या सावलीत, बेने इस्रायल बायकांनी त्याच अडचणीवर आपला तोडगा काढला. त्यांनी गाईच्या दुधाच्या जागी नारळाचे दूध घेतले. बाबकेतले तेल आणि कोकणातले नारळाचे दूध ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. भट्टी नाही, यीस्ट नाही, भाताचा मुलूख, तिथे शुक्रवारच्या जेवणात हल्ल्याच्या पावाऐवजी चपाती आली आणि द्राक्षाच्या दारूऐवजी भिजवलेल्या मनुकांचे सरबत आले. आज्ञा तीच राहिली, ताटातले बदलले. इस्रायल मोहल्ल्यात बेकरी का नव्हती, त्याचे हे उत्तर. या समाजाचा सणाचा गोडवा बाजारात भाजला जात नव्हता, तो घरी ढवळला जात होता.

आणि त्या नारळाच्या दुधात पडे काय? गव्हाचा चीक.

इथे बिलोलीची बाई थांबेल आणि मान हलवेल. चैत्र-वैशाखात ऊन तापले की तिच्या घरी कुरडयांचे गहू भिजतात. तीन दिवस पाणी बदलत राहायचे, गहू आंबूस वासाचे आणि बोटाने दाबले तर दूध सोडणारे झाले की वाटायचे, पिळायचे, फडक्यातून गाळायचे आणि पातेले रात्रभर निवांत ठेवायचे. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाला पांढरा, दाट, जड चीक बसलेला असतो. तो मीठ-हिंगाच्या आधणात घालून न थांबता घाटायचा. चकाकी आली, ढवळणाऱ्या हाताला जड लागू लागला, की सोऱ्यात भरायचा आणि अंगणातल्या खाटेवर कुरडया घालायच्या. पोरे वाटी घेऊन आधीपासूनच बसलेली असतात. त्यांना त्या वाळलेल्या कुरडईपेक्षा दूध-साखर घातलेला गरम चीक हवा असतो.

बेने इस्रायलांचा चिकाचा हलवा नेमका इथून सुरू होतो. असाच काढलेला चीक, त्यात नारळाचे दाट दूध आणि साखर, आणि मग मंद आचेवर ढवळणे. कितीतरी वेळ ढवळावे लागते. मिश्रण कडा सोडू लागते, गोळा होते, तुकतुकीत दिसू लागते. वेलदोडा पडतो, रंगासाठी केशर किंवा चिमूटभर गुलाबी रंग पडतो, मग ताटात थापून वर बदाम-पिस्ते पसरायचे आणि निवल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापायच्या. यहुदी नववर्षाला, म्हणजे रोश हशानाला, हा हलवा हवाच. चीक काढण्याचे श्रम झेपेनासे झाल्यावर अनेक घरांनी चायना ग्रास वापरून पाहिले. हलवा त्याचाही होतो. नाव मात्र चिकाचेच राहिले.

या समाजाने आपल्या सणांनाही मराठी नावे दिली होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. उपवासाचा आणि क्षमेचा मोठा दिवस, योम किप्पूर, म्हणजे दारे लावून बसण्याचा दारफळणीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण तो फाल्गुनाच्या आसपास येतो, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी पुरणपोळी होई. जेरुसलेमची देवळे उद्ध्वस्त झाल्याच्या दुःखाच्या दिवशी बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा रोजा. हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाचे लक्ष 'रोजा' या शब्दावर जाईल. भाषेने शेजाऱ्यांकडून शब्द घेतले आणि त्यांना आपल्या आज्ञांच्या कामाला लावले.

मलिद्याचेही तसेच. दर्ग्यावर चढवायचा, पोळी कुस्करून गूळ-तूप घालून केलेला मलिदा नांदेड-लातूरकडे सर्वांना ठाऊक आहे. बेने इस्रायलांचा मलिदा पोह्यांचा असतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, आणि भोवती मांडलेली फळे. लग्न ठरले, बाळ झाले, नवस फेडायचा असला, घर घेतले, की मलिदा मांडायचा आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घ्यायचे. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे अशी श्रद्धा असून, तिथे आजही लोक मलिदा घेऊन जातात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुदी समाजात या स्वरूपाचा मलिदा नाही.

इस्रायलची स्थापना 1948 मध्ये झाली आणि पुढच्या दशकांत बेने इस्रायलांतले बहुतेक जण तिकडे गेले. दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा अशा गावांत स्थायिक झाले. जुन्या आज्ञा पाळत आलेल्या या लोकांना तिथे आपण पुरते यहुदी आहोत हे पुन्हा सांगावे लागले. विवाहाच्या प्रश्नावरून धर्मपीठाने घेतलेल्या शंकांविरुद्ध त्यांनी आंदोलन केले, आणि 1964 मध्ये इस्रायल सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. माशांच्या टोपलीपाशी झालेल्या परीक्षेनंतरची ही दुसरी परीक्षा. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. आणि तिथेच, शुक्रवारी दुपारच्या बाजारात, पूर्व युरोपच्या आजीबाईची बाबका आणि अलिबागच्या आजीच्या हलव्याची आठवण एका रांगेत उभी राहते. दिमोनात वाढलेल्या नातवंडांना दोन्ही आपलेच आहे.

महाराष्ट्रात राहिलेल्यांची संख्या आता थोडी आहे. साऱ्या भारतात मिळून यहुदी चार-पाच हजारांच्या घरात असावेत. त्यांतले बहुतेक मुंबई, ठाणे आणि रायगडच्या पट्ट्यात राहतात. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अहमदाबादच्या लेखिका एस्तर डेव्हिड यांनी भारतीय यहुदींच्या पाककृती गोळा करून 2021 मध्ये 'बेने अपेती' हे पुस्तक काढले. त्याआधी त्यांच्या 'द बुक ऑफ रेचल' या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. कोकणच्या किनाऱ्यावर एकट्या उरलेल्या एका यहुदी बाईची ती गोष्ट आहे, आणि तिच्यात स्वयंपाकाला मोठी जागा आहे. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्या भाषेत हे पदार्थ शिजले, ज्या भाषेत त्यांची नावे पडली, त्या मराठीत अशी नोंद तितकीच सविस्तर व्हायला हवी.

ही नोंद करण्याची वेळ आताच आहे. अलिबाग, पेण, ठाणे इथल्या बेने इस्रायल घरांत ज्यांनी आजीला चीक काढताना पाहिले आहे, अशी माणसे अजून आहेत. त्यांच्या नातवंडांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे : किती गहू, किती दिवस, नारळ किती, ढवळणारे हात कितीजणींचे, वड्या कापताना कुठली प्रार्थना. आणि बिलोली, देगलूर, कुंडलवाडीच्या वाचकांनी या उन्हाळ्यात कुरडयांचा चीक बसला, की त्यातली एक वाटी बाजूला काढून ठेवावी. त्यात दोन वाट्या नारळाचे दाट दूध आणि अंदाजाने साखर घालून मंद आचेवर, हात न थांबवता ढवळत राहावे. कडा सुटू लागल्या की वेलदोडा घालावा आणि ताटात थापावे. मुलांनी हे काय म्हणून विचारले, तर त्यांना शनिवार तेल्यांची गोष्ट सांगावी.